कारण आधी, यंत्रणा नंतर : खर्रा, चुना आणि कर्कपेशीचा इतिहास

#थ्रेड

१/ सुपारी, तंबाखू आणि चुना. विदर्भातल्या पानठेल्यावर या तीन वस्तू एकत्र घोटल्या की खर्रा होतो. विज्ञानाच्या इतिहासात मात्र या तिन्ही वस्तू एका विलक्षण कथेत येतात : पेशी एकमेकींशी आणि स्वतःशी कशा बोलतात, याच्या शोधाची कथा. त्या बोलण्याची दोन मुख्य अक्षरे म्हणजे कॅल्शियम आणि नायट्रिक ऑक्साइड. कर्करोगाची पेशीही याच अक्षरांत बोलते.

२/ ही यंत्रणा उलगडायला शंभरहून अधिक वर्षे लागली. पण तोंडाच्या कर्करोगाचे कारण त्यापूर्वीच, मुंबईत, एका मराठी शास्त्रज्ञाने रुग्णांच्या सवयी विचारून नोंदवून ठेवले होते. कारण आधी कळले, यंत्रणा नंतर कळली. या दोहोंमधील अंतराचा हा इतिहास आहे.

३/ प्रथम खर्र्याविषयी. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. इतरत्र साधारण अशाच मिश्रणाला ‘मावा’ म्हणतात. कातरलेली सुपारी, तंबाखू, वर चुना आणि थोडे पाणी. हे सारे घोटून पन्नीत बांधून दिले जाते. पान नाही, वेलदोडा नाही, विड्याचा कोणताही थाट नाही. ते गालात धरले जाते आणि दीर्घकाळ तिथेच राहते.

४/ प्रश्न केवळ एका जिल्ह्याचा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः फुप्फुसापेक्षा तोंडाचा प्रश्न आहे.

५/ चुन्याचे तर यवतमाळच्या भूमीशीच नाते आहे. ब्रिटिश वऱ्हाडात हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले. त्या वणी तालुक्यात कोळशाच्या जोडीला चुनखडीचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ या अतिप्राचीन खडकांना ‘पैनगंगा समूह’ म्हणतात. वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या याच दगडावर उभ्या राहिल्या.

६/ चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत भाजली की कर्बवायू निघून जातो आणि चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी टाकले की ती उकळते, फुटते आणि खायचा चुना तयार होतो : कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हा पदार्थ तीव्र आम्लारी असतो, म्हणूनच जास्त चुना लागला की जीभ सोलवटते.

७/ चुना आणि सुपारी यांची जोडी तंबाखूहून कितीतरी जुनी. विडा हा देवपूजेत आहे, लग्नकार्यात आहे, दरबारात आहे. अवघड कामगिरी पत्करण्याला मराठीत आजही ‘विडा उचलणे’ म्हणतात. तंबाखू मात्र पाहुणी. अमेरिका खंडातील हे पीक पोर्तुगिजांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर आले आणि सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर दख्खनेत पोहोचले.

८/ अकबराचा दूत असद बेग याने विजापुरात तंबाखू पाहिली आणि रत्नजडित हुक्क्यासह ती बादशहापुढे नेली. अकबराच्या अखेरच्या दिवसांतील ही घटना. १६१७ साली जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. ती टिकली नाही. पुढे हुक्का दरबारात राहिला आणि चुना लावून मळलेली तंबाखू चंचीत घालून शेतावर गेली. जुन्या विड्यातील चुन्याला नवा सोबती मिळाला.

९/ आता कारणाच्या शोधाकडे. व्यवसाय किंवा सवय आणि कर्करोग यांचा संबंध प्रथम ठामपणे सांगणारे नाव म्हणजे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचे मूळ काजळीत आहे, असे त्यांनी १७७५ साली लिहिले. काजळी-डांबरातील कर्करोगजनक द्रव्य, बेंझोपायरीन, वेगळे काढले गेले ते १९३३ साली. मध्ये १५८ वर्षे गेली.

१०/ भारतात मद्रासचे डॉक्टर निब्लॉक यांनी १९०२ साली तोंडाच्या कर्करोगाचा संबंध पान-तंबाखू चघळण्याशी जोडला. १९३३ साली ऑर यांनी त्रावणकोरमधील निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. परंतु ही निरीक्षणे विखुरलेली होती. एका जागी पुष्कळ रुग्ण, पुष्कळ ऊतिनमुने आणि सातत्याने नोंदी ठेवणारी संस्था असल्याखेरीज त्यांना बळ येणार नव्हते.

११/ ती संस्था २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडली : टाटा मेमोरियल रुग्णालय. तिच्या प्रयोगशाळांची सूत्रे वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. मूळ गोमंतकीय कुटुंबातील खानोलकरांचा जन्म १८९५ साली क्वेट्ट्याचा. विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण लंडनचे. त्यानंतर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

१२/ खानोलकरांची पद्धत साधी होती आणि म्हणूनच प्रभावी ठरली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, पण त्याबरोबर रुग्ण कोठला, काय खातो, काय नेसतो, तंबाखू तोंडात नेमकी कोठे धरतो, हेही पाहायचे. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच ‘रूढींशी संबंधित कर्करोग : भारतातील तीन नवे प्रकार’ असा होता.

१३/ त्यांतला एक ‘खैनी कर्करोग’. तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण खालच्या ओठाच्या आत धरणाऱ्यांना कर्करोग नेमका त्याच खोबणीत होत होता. जिथे चिमूट, तिथे व्रण. दुसरा ‘धोतराचा कर्करोग’ : कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काठाशी, वर्षानुवर्षांच्या घर्षणाच्या जागी होणारा. रोगाची जागाच सवयीची साक्ष देत होती.

१४/ साक्ष पुरेशी नव्हती. मोजमाप हवे होते. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांच्या सवयींची तुलना करून धूम्रपानाचा धोका दाखवला होता. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी मुंबईतील रुग्णांची अशीच तुलना ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आता आकड्यांत उतरला.

१५/ याच काळात आणखी एक रोग नोंदला गेला. १९५३ साली मुंबईचे डॉ. जोशी यांनी असे रुग्ण वर्णन केले, ज्यांच्या तोंडातील मऊ अस्तराखाली तंतू साचून ते कडक होत होते आणि तोंड उघडणे हळूहळू कठीण होत होते. हाच आजचा ‘सबम्यूकस फायब्रोसिस’. त्याचे मुख्य कारण सुपारी, आणि त्याच्या काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो.

१६/ रुग्णालयात येणारेच रुग्ण पाहून गावाचे चित्र कळत नाही. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांचा चमू डॅनिश तज्ज्ञ पिंडबोर्ग यांच्या साहाय्याने खेड्यांत उतरला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासलेली होती. एक लाख माणसांना ‘आ करा’ म्हणणे, हेही विज्ञानच.

१७/ म्हणजे १९७२ पर्यंत कारण पुरेसे स्पष्ट झाले होते. कोणती वस्तू, कोणती जागा, कोणता रोग, हे ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच : चिमटीतील द्रव्य पेशीच्या आत नेमके काय करते? त्याचे उत्तर कर्करोगाच्या रुग्णालयातून येणार नव्हते. ते येणार होते बेडकाच्या हृदयातून आणि सशाच्या रक्तवाहिनीतून.

१८/ १८८२. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवू शकत होते. पुढे लक्षात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचे नसून नळाच्या पाण्याचे होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? १८८३ साली रिंगरांनी उत्तर दिले : चुन्याचे क्षार. म्हणजेच कॅल्शियम. अशुद्धीतूनच शोध लागला.

१९/ पुढील शतकाने दाखवले की कॅल्शियम केवळ स्नायूंचे नाही, जवळजवळ प्रत्येक पेशीचे संदेशवाहक आहे. पेशीबाहेर त्याचे प्रमाण आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट असते. पेशी रात्रंदिवस पंप चालवून त्याला बाहेर ढकलते, किंवा आतल्या कोठारात कोंडते. त्यामुळे दार क्षणभर उघडले तरी आत कॅल्शियमची लाट उसळते, आणि ती लाट हाच संदेश. धरण भरलेले असते म्हणूनच दार उघडण्याला अर्थ असतो.

२०/ कोठाराची किल्ली सापडली १९८३ साली, रिंगरांच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी. मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ‘आयपी३’ नावाचा छोटा रेणू आतील कोठारातून कॅल्शियम सोडतो. १९८५ च्या सुमारास रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियमला चिकटून चमकणारे रंग तयार केले. आता जिवंत पेशीतील लाट डोळ्यांनी दिसू लागली.

२१/ दुसरे अक्षर, नायट्रिक ऑक्साइड, त्याहून अनपेक्षित. एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन. धुरातला, विजेच्या कडकडाटात तयार होणारा हा वायू प्रदूषक म्हणून ओळखला जाई. नायट्रोग्लिसरीन हे हृदयशूलावरचे औषध एकोणिसाव्या शतकापासून वापरात होते. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही वैद्यांनी तेच सुचवले होते. ते रक्तवाहिनी का सैल करते, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. १९७७ साली फेरीद मुराद यांनी दाखवले की अशी औषधे नायट्रिक ऑक्साइड सोडतात.

२२/ दुसरा धागा न्यूयॉर्कमधील. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीवर ॲसिटिलकोलीन टाकून तिचे आकुंचन मोजत असत. १९७८ साली एका प्रयोगात, ठरलेला क्रम चुकल्याने, धमनी आकुंचन पावण्याऐवजी सैल झाली. फर्चगॉटांनी ती नोंद फेकून दिली नाही. धमनीचे नाजूक आतले अस्तर शाबूत असेल तरच ती सैल होते, हे त्यांनी १९८० साली सिद्ध केले. अस्तरातून काहीतरी निघत होते.

२३/ ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, असे फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी १९८६ साली स्वतंत्रपणे सुचवले. १९८७ साली साल्वादोर मोंकादा यांच्या चमूने आणि इग्नारो यांनी त्याचे पुरावे दिले. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. शरीर स्वतःच एक वायू तयार करून त्याने निरोप धाडते, ही कल्पना तोवर कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

२४/ आणि इथे दोन्ही धागे जुळतात. ॲसिटिलकोलीन अस्तरपेशीच्या ग्राहीवर बसते. आत कॅल्शियमची लाट येते. ते कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते. आणि कॅल्मोड्युलिन नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला जागे करते. या विकराला कॅल्मोड्युलिन लागते, हे ब्रेट आणि स्नायडर यांनी १९९० साली मेंदूतील विकरावर दाखवले. म्हणजे कॅल्शियम हुकूम देते आणि वायू तयार होतो.

२५/ वायूही उलट हुकूम देतो. रक्तवाहिनीच्या स्नायूत तो ‘सीजीएमपी’ या रेणूमार्फत कॅल्शियम खाली आणतो, म्हणून स्नायू सैल पडतो. दुसरा मार्ग अधिक थेट : तो प्रथिनांतील गंधकयुक्त जागांना चिकटून त्यांचे वर्तन बदलतो. १९९८ साली हृदयस्नायूतील कॅल्शियम सोडणारे दार याच पद्धतीने उघडते, असे दिसून आले. कॅल्शियम आणि नायट्रिक ऑक्साइड हे एकमेकांचे लगाम धरून चालणारे दोन घोडे आहेत.

२६/ कर्करोगाशी संबंध कसा आला? १९८७ साली अमेरिकेतील जॉन हिब्स यांनी दाखवले की रक्षक पेशी कर्कपेशींना मारण्यासाठी आर्जिनिन हे अमिनो आम्ल वापरतात. त्यापासूनच नायट्रिक ऑक्साइड बनते, हे लवकरच कळले. वायू शस्त्र ठरला. पण थोड्याच वर्षांत अनेक कर्करोगांच्या गाठींतच हा वायू बनवणारे विकर सापडू लागले. शत्रूच्या छावणीत आपलेच शस्त्र!

२७/ १९९५ साली मोंकादा यांच्या चमूने मानवी आतड्याच्या कर्कपेशींना हे विकर सतत बनवायला लावले. काचेच्या बशीत त्या पेशी मंद वाढल्या. उंदरात मात्र त्याच पेशींची गाठ अधिक वेगाने वाढली आणि तिच्यात रक्तवाहिन्याही अधिक होत्या. एकच वायू, एकच पेशी, दोन परिणाम. पुढील संशोधनाचा बराचसा भाग या कोड्याभोवती फिरला.

२८/ उत्तर मुख्यतः प्रमाणात आणि काळात सापडते. वायू अल्प असला की तो पेशीला जगण्याचे, वाढण्याचे, नव्या रक्तवाहिन्या ओढून घेण्याचे संदेश बळकट करू शकतो. तोच फार वाढला की कॅल्शियमच्या कोठाराचा समतोल ढासळतो : कोठार रिकामे होते, पेशीची ऊर्जाकेंद्रे कॅल्शियमने भरतात आणि पेशी मरणाचा मार्ग धरते. पेशीचा प्रकार बदलला की ही रेषाही सरकते.

२९/ यात एक विकर विशेष महत्त्वाचे : ‘आयएनओएस’. दाह सुरू असताना ते तयार होते. इतर भावंडांसारखी त्याला कॅल्शियमच्या लाटेची वाट पाहावी लागत नाही. कॅल्मोड्युलिन त्याला घट्ट चिकटलेलेच असते. म्हणून ते दीर्घकाळ वायू सोडत राहते. तोंडाच्या कर्करोगाच्या ऊतींत हे विकर वाढलेले असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

३०/ आता खर्र्याचे घटक पुन्हा पाहावेत. १९१४ साली हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीनचे दोन प्रकारचे परिणाम वेगळे केले : एक मस्करीनसारखा, दुसरा निकोटिनसारखा. पेशीला जणू दोन दारे. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य पहिल्या दारावर बसते. तंबाखूतील निकोटिन दुसऱ्या. तोंडाच्या अस्तरपेशींवरही ही दारे असतात, आणि दोन्ही मार्गांनी आत कॅल्शियम वाढू शकते.

३१/ मग चुना? तो स्वतः कॅल्शियमच. पण म्हणून तो थेट पेशीत शिरून संदेश होत नाही. त्याचे काम आम्लारीपणाचे. त्यामुळे निकोटिन अस्तरातून झटपट शोषले जाते, अरेकोलीनचे काही अंशी अरेकेडीनमध्ये रूपांतर होते, सुपारीतील द्रव्यांपासून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू बनतात आणि अस्तराला सतत जखम होते. जखम आली की दाह आला, आणि दाह आला की ‘आयएनओएस’ आले.

३२/ हा केवळ तर्क नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. कोंडय्या यांच्या प्रयोगशाळेने २०१६ साली दाखवले की सुपारीचा अर्क अस्तरपेशींत मस्करीनी ग्राही, कॅल्शियम आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू यांच्यामार्फत असे संदेश चालू करतो, जे तंतू साचवणाऱ्या मार्गापर्यंत पोहोचतात. जोशींनी १९५३ साली पाहिलेल्या कडक तोंडामागील एक दुवा असा हाती आला.

३३/ नायट्रोजनाचा आणखी एक धागा मुंबईचाच. तंबाखू वाळवताना आणि आंबवताना निकोटिनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइन बनतात. त्यांतील दोन मानवी कर्करोगजनक म्हणून वर्गीकृत आहेत. १९८५ साली मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील सुमती भिडे आणि फ्रान्समधील सहकाऱ्यांनी तंबाखू-विडा खाणाऱ्यांच्या लाळेत तंबाखूचीच नव्हे, तर सुपारीचीही नायट्रोसो द्रव्ये दाखवली. ‘फक्त सुपारी खातो’ हा युक्तिवाद तेथेच लंगडा पडला. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगजनक ठरवल्याचे प्रसिद्ध झाले.

३४/ पेशींवरील हे सारे प्रयोग एका कौशल्यावर उभे आहेत : पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवणे. भारतात त्याची मुहूर्तमेढ खानोलकरांच्या शिष्या कमल रणदिवे यांनी रोवली. त्यांचा जन्म १९१७ साली पुण्याचा. बाल्टिमोरमध्ये त्यांनी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून ‘हेला’ पेशी वाढवणारी हीच प्रयोगशाळा. १९५२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

३५/ ज्ञान वाढत असताना बाजारही वाढत होता. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली; २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केली. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. परंतु गुटखा कारखान्यात बनतो आणि खर्रा समोर घोटला जातो. त्याला छापील पाकीट नाही, त्यामुळे त्यावर इशाऱ्याचे चित्रही नाही.

३६/ परिणाम विदर्भातील दंतवैद्यांना दिसतच होते. २००७ साली नागपूरच्या डॉक्टरांनी सबम्यूकस फायब्रोसिसच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गुटखा आणि खर्रा यांचा ठसा स्पष्ट होता. गडचिरोलीत २०१६ साली ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखू कमी करण्याचा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू झाला. खर्रा तेथे नुसते वैयक्तिक व्यसन नव्हे, गावाचा प्रश्न म्हणून हाताळला गेला.

३७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन तारखा शेजारी ठेवाव्यात. १९४५ : चुना-तंबाखूची चिमूट जिथे, कर्करोग तिथे. २०१६ : सुपारी पेशीतील कॅल्शियमला कशी हात घालते, याचा एक दुवा. मध्ये ७१ वर्षे. ही ७१ वर्षे वाया गेली नाहीत. कॅल्शियम आणि नायट्रिक ऑक्साइड यांच्या नात्यावर उपचार शोधता येतील का, हे तपासणे त्यामुळेच शक्य झाले. पण प्रतिबंधाला त्यांची गरज नव्हती.

३८/ काजळी अंगावरून धुण्यासाठी बेंझोपायरीनचे सूत्र लागत नाही. १७७५ चे ज्ञान तेवढ्यासाठी पुरेसे होते. त्याचप्रमाणे खर्रा सोडण्यासाठी कॅल्शियमची लाट समजण्याची अट नाही. खानोलकरांची १९४५ ची नोंद पुरेशी आहे. ‘अजून सगळे सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य ऐकू आले, तर कारण सिद्ध झालेले नाही की यंत्रणा, हा प्रश्न विचारावा.

३९/ आणि एक व्यवहाराची गोष्ट. तोंडात न जाणारा पांढरा वा लाल डाग, पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, तिखट सोसेनासे होणे, आपलीच तीन बोटे उभी तोंडात न जाणे : ही लक्षणे दिसल्यास दंतवैद्याकडे किंवा शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

४०/ रिंगरांनी नळाचे पाणी दुर्लक्षिले नाही, फर्चगॉटांनी चुकलेला प्रयोग फेकला नाही, खानोलकरांनी रुग्णाच्या ओठातली चिमूट क्षुल्लक मानली नाही. तिघांच्याही शोधाचे मूळ समोर दिसणाऱ्या गोष्टीकडे नीट पाहण्यात होते. त्यांतील तिसऱ्याने पाहिलेली गोष्ट आजही यवतमाळच्या चौकाचौकांत पन्नीत बांधून मिळते.

(थ्रेड समाप्त)